शाहिदचा अ‍ॅम्प कोणी जाळला?

"राग यायला पाहिजे ना, मॅडम? मला येतच नाही," हलिमा परकार म्हणाली.

गॅसचा नंबर लावावा तशा आवाजात तिने हे सांगितलं. मधुकरराव साबळ्यांनी वहीतून मान वर केली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सव्वा वर्षापूर्वी बायको गेली, तेव्हापासून ते स्वतः याच आवाजात दूधवाल्याशी बोलत होते. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेल्या माणसाला घर खायला उठतं म्हणून ते सीबीडी बेलापूरच्या या ऑफिसात टिपणं घ्यायला यायचे. ऑफिस कोर्टामागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खाजगी तपास करणाऱ्या सुचित्रा टिपणीसांना चहा बिनसाखरेचा लागायचा आणि माणसं नीट ऐकून घ्यायची सवय होती.

"पहिल्यापासून सांगा," सुचित्राबाई म्हणाल्या.

हलिमाने सांगितलं. नवरा शाहिद गिटार वाजवायचा. तीन महिन्यांपूर्वी कार्यक्रमाहून परत येताना कळंबोलीजवळ त्याची मोटारसायकल घसरली आणि तो गेला. मागे राहिला त्याचा अ‍ॅम्प. गिटारचा आवाज मोठा करणारा जुन्या रेडिओसारखा काचेच्या व्हॉल्व्हवाला, त्याने स्वतः जोडलेला.

"त्याच दिवशी परत आलेल्या टेम्पोतून सामान उतरवताना कीबोर्डच्या स्टँडचा कोपरा त्याच्या स्पीकरमध्ये घुसला. तेव्हापासून खालची तार छेडली की फडफडतो. शाहिद असता तर दुसऱ्या दिवशी बदलला असता. आता कोण बदलणार? मी सगळ्यांना सांगितलं, त्याला कोणी हात लावायचा नाही. कोपरखैरण्याच्या प्रॅक्टिस रूमवर राहू दे."

"आणि तो जळाला."

"तीन आठवडे झाले. रविवारी सगळे प्रॅक्टिसला जमले तर बंद पडलेला. आतला ट्रान्सफॉर्मर जळालाय, हाताने गुंडाळलेला, तसा आता मिळत नाही. शनिवारी संध्याकाळी माझा भाऊ शहजाद तिथे गेला होता. सगळ्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडून झालं."

"मग गुन्हेगार सापडलाय की," मधुकरराव म्हणाले.

"कसं झालं ते सांगत नाही, काका. त्याला गिटार शाहिदने शिकवली. तीन आठवडे मी त्याच्याशी बोलले नाही, त्याने घरी येणं सोडलं. मला एवढंच सांगा, त्याने केलं की नाही. केलं असेल तर राग तरी येईल."

"चाव्या कोणाकडे?"

"शहजादकडे, गाणाऱ्या क्रांतीकडे, आणि आशुतोषकडे. शाहिदच्या जागी आता तोच वाजवतो. दर गुरुवारी शहजादची चावी मी घ्यायचे, झाडायला."

"तुम्ही वाजवता?"

"छे. लाल दिवा लागतो, मग थोड्या वेळाने घूं करतो, तेवढं माहीत आहे."

सुचित्राबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि केस घेतली.

*

शहजाद कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात बिलं करायचा. बाहेर ट्रकमधून सळया उतरत होत्या, त्यामुळे तो ओरडून बोलत होता, तरी काही सांगत नव्हता.

"स्विच चालू राहिला माझ्याकडून. बस. जळाला."

"किती वेळ चालू होता?"

"दोन दिवस. गुरुवारपासून..." तो थांबला. "म्हणजे, बराच वेळ. काय फरक पडतो? मी हो बोललोय ना? आता टेन्शन देऊ नका."

"मधल्या शुक्रवारी कुठे होतास?"

"जुम्म्याच्या नमाजाला. मग इथेच. हजेरी बघा."

बाहेर पडताना मधुकरराव म्हणाले, "पोरगा गोंधळलाय. शनिवारी गेला आणि गुरुवार सांगतो."

"लिहून ठेवा तसंच," सुचित्राबाई म्हणाल्या.

क्रांती शाळेत संगीत शिकवायची. मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमबाहेर आली. अ‍ॅम्पशी तिचा संबंध नव्हता आणि ती तसं बोललीही. पण मधुकररावांनी सहज विचारलं, की आशुतोष अ‍ॅम्पशिवाय आता कशावर वाजवतो, तेव्हा तिने त्यांना छान समजावलं.

"त्याच्याकडे प्रोफायलर आहे, काका. जेवणाच्या डब्याएवढा. खऱ्या अ‍ॅम्पसमोर माइक लावायचा. तो डबा अ‍ॅम्पमध्ये कसले कसले आवाज सोडतो, अ‍ॅम्प ते आपल्या पद्धतीने काढतो, आणि डबा ऐकून शिकतो. मग अ‍ॅम्प नसला तरी डबा हुबेहूब तसाच वाजतो."

"म्हणजे त्या अ‍ॅम्पचा स्वभावच डब्यात?"

"त्या दिवशीचा. फोटोसारखं. त्या दिवशी अ‍ॅम्प जसा होता तसा."

"आणि स्टेजवर, रेकॉर्डिंगला, सगळीकडे तेच?" सुचित्राबाईंनी विचारलं.

"नाही ना. रेकॉर्डिंगला स्पीकरसकट आवाज लागतो. स्टेजवर खरे स्पीकर असतात, मग डब्यात स्पीकर नको, नुसता अ‍ॅम्प हवा. नाहीतर स्पीकरवर स्पीकर होतो, गोधडीतून बोलल्यासारखं. आशुतोष सध्या तशा बिनस्पीकरच्या आवाजाच्याच मागे आहे. पुढच्या महिन्यात वाशीला मोठा कार्यक्रम आहे आमचा."

"प्रॅक्टिस रूमला दिवसा कोणी असतं?"

"दिवसा? मी शाळेत, बाकीचे नोकरीवर. वर मालकाच्या आई असतात, बयाबाई."

आशुतोष कोपरखैरण्यातच चौथ्या मजल्यावर राहायचा. मुलगा बोलायला गोड. पाणी दिलं, पंखा वाढवला, आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाला, "शनिवारी मी पुण्यात होतो. तिकीट दाखवू?"

"नको. शाहिदचा आवाज तुमच्या डब्यात आहे म्हणे?"

त्याचा चेहरा खुलला. "शाहिदभाईने स्वतः दिला. मागच्या वर्षी, रमजानच्या आधी. त्याच्याच समोर प्रोफाइल केला. त्यानंतर मी त्या अ‍ॅम्पला हातही लावला नाही. ऐकवू?"

त्याने गिटार जोडली. मधुकररावांना संगीतातलं ओ की ठो कळत नसे, तरी तो आवाज त्यांना आवडला. उन्हात वाळवलेल्या चादरीसारखा ऊबदार होता.

"सगळ्यात खालची तार वाजवा," सुचित्राबाई म्हणाल्या.

आशुतोषने वाजवली. आवाजाच्या बुडाशी पंख्याच्या पात्यात कागद अडकावा तशी फडफड झाली.

"हे काय?"

"कॅरॅक्टर, मॅडम. जुन्या अ‍ॅम्पला असतंच. लोकांना हेच आवडतं."

बयाबाई प्रॅक्टिस रूमच्या वरच्या मजल्यावर, गॅलरीत सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी या दोघांना आधी चटईवर बसवलं आणि मग आवाज खाली आणला.

"मना कोनी इचारलाच नाय. त्या खोलीन भूत हाय."

"कधी ऐकलंत?"

"माजे नातीची हलद व्हती शनवारी. तिचे आदले दिशी, शुक्कारचे दुपारी. खालून शीळ आली. वर जाय, खाली येय, वर जाय, खाली येय. मंग कढईन पानी परल्यासारका चर्रर्र. मंग टक टक टक टक. बाजा नाय, गाना नाय. थांबला, नी परत तसाच. दोनदा. मी मीठ-मिरच्या ओवालल्या नी खाली टाकल्या."

"मग गेलं भूत?"

"गेला ना! आवाज बंद. पर मागून जलका वास आला, रबर जलल्यासारका. मी बोलली, जलला मेला."

मधुकरराव हसले नाहीत. त्यांनी फक्त लिहिलं: शुक्रवार, भूत, जळका वास.

शेवटी वाशीचे दिनानाथ. चाळीस वर्षं रेडिओ-अ‍ॅम्प दुरुस्त करणारे हे गृहस्थ हलिमाने दाखवायला नेलेल्या त्या अ‍ॅम्पबद्दल अजून हळहळत होते.

"चालू राहिला म्हणून व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प मरत नाही हो. आठवडाभर ठेवा. तो मरतो स्पीकरची वायर काढून वाजवला की. जोर निघून जायला वाट नसते, मग ट्रान्सफॉर्मर जळतो. आमच्या वेळी पोराटोरांना ठाऊक असायचं. डब्यावर शिकलेल्यांना कोण सांगणार?"

"तुमच्याकडे आला तेव्हा वायर निघालेली होती?"

"तीच तर गंमत आहे. वायर जागच्या जागी होती."

*

रविवारी सकाळी प्रॅक्टिस रूममध्ये सगळे जमले. शहजाद दाराशी उभा राहिला. हलिमा खुर्चीवर बसली, भावाकडे न बघता. मेलेला अ‍ॅम्प कोपऱ्यात होता.

"शहजादने कबुली दिली," सुचित्राबाईंनी सुरुवात केली. "पण ती चुकीच्या गुन्ह्याची. तो म्हणतो, स्विच चालू राहिला. दिनानाथ म्हणतात, त्याने अ‍ॅम्प मरत नाही. कोणीतरी स्पीकरची वायर काढली, अ‍ॅम्प वाजवला, तो जळाला, आणि मग वायर परत लावली. ज्याला आपण काय केलं हे ठाऊक होतं, त्याने. शहजादला ठाऊक असतं तर त्याने तेच कबूल केलं असतं."

"मग कोणी?" क्रांतीने विचारलं.

"आधी कधी, ते बघू. सगळे शनिवार शनिवार करत होते. आशुतोष, तुम्ही तर न विचारता शनिवारचा हिशेब दिलात. चोराच्या मनात चांदणं. शुक्रवारचं मात्र तुम्ही बोललाच नाहीत. त्याच शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, बयाबाईंनी इथे भूत ऐकलं. खालीवर जाणारी शीळ, चर्रर्र, टक टक. गाणं नाही, गिटार नाही. क्रांती, डबा अ‍ॅम्पमध्ये कसले कसले आवाज सोडतो म्हणालात. ते कसले?"

क्रांतीने आशुतोषकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, "असेच."

"म्हणजे शुक्रवारी इथे कोणीतरी या अ‍ॅम्पचा प्रोफाइल करत होतं. दोनदा झाला. तिसऱ्यांदा आवाज नाही, नुसता जळका वास. कारण तिसऱ्यांदा स्पीकर जोडलेलाच नव्हता. स्टेजसाठी बिनस्पीकरचा प्रोफाइल हवा होता. स्पीकर फक्त ऐकायला असतो, असं समजून वायर काढली आणि थेट डब्यात घातली."

"पण माझा प्रोफाइल तर मागच्या वर्षीचा आहे!" आशुतोष म्हणाला. "शाहिदभाईच्या समोरचा!"

"त्यात फडफड कशी आली?"

आशुतोषने कोपऱ्याकडे पाहिलं.

"कपाळावरची खोक फोटोत दिसत असेल तर फोटो खोक पडल्यानंतरचा असतो. या स्पीकरमध्ये स्टँडचा कोपरा घुसला तो शाहिद गेला त्या दिवशी. मागच्या वर्षी हा स्पीकर धड होता. शाहिदने तुम्हाला काहीही दिलेलं नाही. प्रोफाइल तो गेल्यानंतरचा आहे, आणि गेल्यानंतर या अ‍ॅम्पला हात लावायची बंदी होती."

मधुकररावांनी वहीची पानं मागे उलटली. सगळं लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्यांना झालं.

आशुतोष खाली बसला. "मी ऑफिसातून हाफ डे घेतला होता. मला चोरायचं नव्हतं काही. तो आवाज राहावा म्हणून. मी आलो तेव्हा अ‍ॅम्प चालूच होता, मॅडम. लाल दिवा लागलेला, गरम झालेला. वाटलं, थांबलाय माझ्यासाठी. वास आला तसा घाबरलो. वायर लावली आणि पळालो. रविवारी सांगणार होतो, पण शहजाद स्वतःच हो म्हणाला..."

"आणि तू म्हणू दिलंस," क्रांती म्हणाली. तिने आपल्या चाव्यांच्या जुडग्यातून रूमची चावी काढली, गाळ्याच्या मालकाला परत द्यावी तशी हलिमापुढे ठेवली आणि आशुतोषपासून लांब जाऊन उभी राहिली.

"हलिमाभाभी," आशुतोष घाईघाईने म्हणाला, "प्रोफाइल आहे माझ्याकडे. पहिला, स्पीकरवाला. तुमची मिस्बाह मोठी झाली की तिला अब्बाचा आवाज..."

"तो शाहिदचा नाही." हलिमा पहिल्यांदाच बोलली. "तो स्पीकर फाटल्यावरचा आहे. शाहिदने हा आवाज कधी ऐकलाच नाही. पुसून टाका."

मग सुचित्राबाई म्हणाल्या, "एक गोष्ट राहिली. शहजाद, तू शनिवारी आलास तेव्हा स्विच चालू होता, अ‍ॅम्प मेलेला. गुरुवारपासून चालू आहे हे तुला कसं कळलं, ते मी सांगणार नाही. तू सांग."

शहजादने जमिनीकडे बघत सांगितलं. "आपा दर गुरुवारी झाडायला नाही यायची. अ‍ॅम्प चालू करून समोर बसायची. एकदा खिडकीतून बघितलं मी. त्या गुरुवारी मिस्बाहच्या शाळेतून फोन आला म्हणून ती धावत गेली होती. मला वाटलं, तिच्याकडूनच राहिला आणि जळाला. तिला कळलं असतं तर..." त्याने दाराची चौकट धरली. "म्हटलं, मला बोलतील, बोलू देत."

हलिमा उठली. चालत त्याच्याजवळ गेली आणि काही कळायच्या आत तिने त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. चांगली सणसणीत. मग त्याच हाताने त्याची कॉलर धरली, आणि सोडलीच नाही.

"मूर्खा, जळाला असता माझ्या हातून तर काय झालं असतं? लाकडाचा डबा तो! शाहिद गेला, मी उभी राहिले. तू यायचा बंद झालास, आणि मी रोज दोन माणसांचं मातम करत होते. एक तर जिवंत होता रे!"

ती रडायला लागली. तीन महिन्यांचं सगळं एकदम आलं, आवाज करत, नाक ओढत, लोकांसमोर. शहजाद तिला धरून "आपा, आपा" एवढंच म्हणत राहिला. वर गॅलरीतून बयाबाईंनी वाकून विचारलं, "काय झाला गो?"

मधुकरराव चपला घालून बाहेर आले. त्यांना वाटलं होतं आपल्याला यातलं काहीच लागणार नाही, पण लागलं होतं. पुण्याला त्यांचा मुलगा होता. आईच्या दिवसकार्यावरून दोघांत शब्दाला शब्द लागला, त्याला आता वर्ष उलटून गेलं. त्यांनी फोन काढला आणि नंबर शोधायला चष्मा पुसला.