बांधाखालची हाक

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय.

साल १९८६. भांडुप पूर्वेची मिठागरं.

काशीराममामा आणि लवू एकाच चाळीतले, जिवाभावाचे दोस्त. कारखान्याला सुट्टी असली की दोघं कॅमेरा घेऊन सकाळीच खाडीच्या बांधावर. वर्षभरातले सगळे पक्षी टिपायचे, हा त्यांचा ध्यास. थंडीत लांबून आलेली बदकं. उन्हाळ्यात लालभडक पायांचे शेकाटे. पावसात सुगरणींचे खोपे.

त्या श्रावणात खोप्यांचे फोटो काढायला लवू एकटाच गेला. मामा तापाने फणफणला होता.

लवू परत आलाच नाही.

बांधावर त्याची पिशवी मिळाली. खाली चिखलात उतरलेली पावलं...

आणि मग नुसताच चिखल.

पोलीस आले, कोळी होड्या घेऊन फिरले. पण लवू सापडला नाही.

थंडी पडल्यावर मामा पुन्हा तिथे गेला. लवूचं अर्धं राहिलेलं काम पुरं करावं, एवढंच मनात. ऊन चांगलं वर आलं होतं. समोर पाण्यात बदकं. मामाने श्वास रोखून कॅमेरा डोळ्याला लावला...

"हलू नको रे काश्या. उडतील."

अगदी कानाशी.

मामा गर्रकन वळला. बांधावर चिटपाखरू नव्हतं.

समोरचं एकही बदक उडालं नव्हतं.

मामाला राहवलं नाही. त्याने लवूच्या आईला, जानकीकाकीला, सगळं सांगितलं. काकी रडली नाही. पदर खोचून उठली.

"माका थंय ने."

त्या दिवशी खाडीवर पक्षीच नव्हते. एकही नाही. वाराही पडलेला. दोघं बांधावर नुसती उभी होती. मग खालून, चिखलातून...

"आई... ये गं..."

लवूचाच आवाज!

काकीचा चेहरा उजळला. "आयकलंस? माझो झील हाक मारता!" ती बांधावरून खाली उतरू लागली.

तेवढ्यात मामाच्या कानाशी कुणीतरी घाईघाईने बोललं...

"काश्या, आईला धर. तो मी नाही."

मामाने काकीला घट्ट मिठी मारली. ती ओरबाडत होती, चावत होती. "सोड माका! पोर बोलावता माझा!" मामाने तिला ओढत, फरफटत घरी आणलं.

काकी मामाशी पुन्हा कधी बोलली नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी चाळीतल्या बायका पाण्याला गेल्या होत्या. काकी घरातून निघून गेली.

तिच्या चपला बांधावर मिळाल्या. खालचा चिखल वाळून भेगाळला होता. त्यावर एकही पाऊल नव्हतं.

मामाने कॅमेरा देऊन टाकला. एकदा मी त्याला म्हटलं, "मामा, त्या दिवशी तू तिला वाचवलंस ना?"

तो म्हणाला,

"दोन्ही आवाज लवूचेच होते रे. मी कानाशी आला त्याचं ऐकलं..."

मग अगदी हळू म्हणाला,

"पण चिखलातला खरा असेल तर? मग त्या दिवशी माझ्या कानाशी कोण उभं होतं?"