जवारीचा खटला

मिरजेच्या मध्यस्थी केंद्रात चहा बरा मिळतो, म्हणून भांडायला आलेली माणसं निदान कप संपेपर्यंत तरी बसतात. त्या सकाळी मात्र दस्तगीर बीनकार आणि त्यांचा धाकटा भाऊ इलाही यांच्या चहावर साय धरली होती. टेबलाच्या मधोमध लिंबाएवढा दिवा लाल जळत होता. एकमेकांचं तोंड पाहायला नको म्हणून दोघेही त्या दिव्याकडे पाहत होते.

दिवा ज्या यंत्राचा होता त्याचं नाव ‘सांधा’. दोन्ही पक्ष काय मागतात ते सांधा ऐकतोच, शिवाय आवाजातला कंप, शब्दाआधीचा थांबा आणि श्वासाची लय यांवरून माणसाला मनातून काय हवं आहे याचा अंदाज बांधतो. दोघांच्या खऱ्या गरजा एका तडजोडीत बसत असतील तर दिवा हिरवा होतो, नाहीतर लाल राहतो. ती तडजोड कोणती, हे सांधा कधीच सांगत नाही. सांगू लागला तर एकाचं गुपित दुसऱ्याला कळेल, आणि मग त्याच्यापुढे कोण तोंड उघडेल? म्हणून तो बनवणाऱ्यांनी त्याला मुद्दाम मुका ठेवला होता.

बीनकारांच्या सतारी तीन पिढ्यांपासून नावाजलेल्या होत्या. चार वर्षांपूर्वी इलाहीने वाटणीचा दावा लावला आणि दस्तगीरभाईंनी तो हट्टाने लढवला. आजही जमलं नाही तर सोमवारी कोर्टाचा निकाल होता, आणि तो काय असणार हे दोघांच्या वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कारखान्याच्या मधून भिंत जाणार होती.

“आमच्या कारखान्यातून सतार बाहेर पडेल ती माझ्या हाताखालून,” दस्तगीरभाई म्हणाले. “दुसरं मला बोलायचं नाही.”

“मग बांधा भिंत,” इलाही म्हणाला.

मध्यस्थ त्रिशला मगदूम यांनी असे वीर पुष्कळ पाहिले होते. वकिलाने पढवलेलं बोलणं त्यांना यंत्राशिवायही ओळखू येई. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं; सांध्याचे कान दोन्ही खोल्यांत होते.

इलाहीच्या तोंडून खरं यायला फार वेळ लागला नाही. “ताई, मला वाटणी कुठं हवी होती? जवारी म्हणजे काय ते ठाऊक आहे ना तुम्हाला? तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा केसाएवढा घासायचा, मग सुराला झणकार येतो. मी जवारी काढायचो, आणि भाई मागाहून येऊन माझ्याच कामावर कानस फिरवायचे. पार बिघडवून टाकायचे. एकदा नाही, आठ सतारींना! वीस वर्षं शिकून माझ्या हाताची हीच किंमत असेल तर वेगळं झालेलं काय वाईट?”

दुसऱ्या खोलीत दस्तगीरभाईंनी आधी दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, “मॅडम, माझे कान चाललेत. माणसांचं बोलणं कळतं. पण तारेतला बारीक झणकार पाच वर्षं झाली, ऐकूच येत नाही. इलाही वेगळा झाला तर माझी सतार मुकी होईल.”

“हे त्याला सांगू?”

“अजिबात नाही. सतारमेकरचे कान गेले हे गावाला कळलं की संपलं. तुम्हाला शपथ आहे.”

शपथेची गरज नव्हती. एका खोलीतलं दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही, हा मध्यस्थीचा पहिला नियम. त्रिशलाबाईंचा जीव मात्र तळमळला. दोघांची दुखणी आता त्यांच्यापुढे उघडी होती आणि त्यांच्याच तोंडाला कुलूप होतं. असा राग त्यांना स्वतःच्या कामाचा क्वचितच आला असेल.

दोघे पुन्हा टेबलाशी आले आणि दिवा हिरवा झाला.

“बिघडलं वाटतं यंत्र,” इलाहीचा वकील म्हणाला.

“बिघडलेलं नाही,” त्रिशलाबाई म्हणाल्या. “मला याहून एक शब्दही बोलता येणार नाही.”

दस्तगीरभाई दिव्याकडे बघत राहिले. आपलं गुपित बाहेर पडलं की सगळं संपणार, अशी त्यांची पाच वर्षांची खात्री होती. पण यंत्राने ते ऐकलं होतं, आणि ऐकूनही रस्ता आहे म्हणत होतं. म्हणजे पलीकडच्या खोलीत धाकट्याने जे मागितलं, त्यात बहिऱ्या भावालाही जागा होती.

“इलाही,” ते म्हणाले, “मला झणकार ऐकू येत नाही. तुझ्या जवाऱ्या मला बंद, मुक्या वाटायच्या, म्हणून घासत सुटलो. तुझं काम चांगलंच होतं.”

इलाही उभाच राहिला. “म्हणजे त्या आठही?”

“आठही.”

“या खुदा! भाई, मला वाटलं माझेच कान गेले! सांगलीत जाऊन दोनदा तपासून आलो मी!”

आधी त्रिशलाबाई हसल्या, मग वकील, मग स्वतः दस्तगीरभाई, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. इलाहीने थोरल्याचा हात धरला तो सोडलाच नाही.

करार अर्ध्या पानात बसला. लाकूड निवडणं, भोपळा पारखणं, दांडी बसवणं दस्तगीरभाईंचं. जवारी आणि शेवटचा हात इलाहीचा. दावा मागे. चार वर्षांत कोर्टाला जे जमलं नाही ते जेवणाच्या सुट्टीच्या आत झालं, आणि त्रिशलाबाईंना इतका आनंद झाला की सही करताना त्या स्वतःचंच नाव चुकल्या.

दुपारी कारखाना उघडला. इलाहीने बिघडलेल्या आठांपैकी एका सतारीवर नवी घोडी बसवली, तिचा माथा घासला आणि तार छेडली. दस्तगीरभाईंनी भोपळ्यावर तळहात टेकवला होता. लाकडातून आलेली थरथर त्यांच्या मनगटापर्यंत गेली आणि त्यांनी जोरात मान डोलावली. “उघडली! वाहवा, उघडली!”

इलाहीने कानस खाली ठेवली. “भाई, एक विचारू? दिवा लालच राहिला असता, तर तुम्ही मला कधी सांगितलं असतं?”

दस्तगीरभाईंनी दुसरी सतार पुढे ओढली. “काय म्हणालास? ऐकू नाही आलं.”

माणसांचं बोलणं तर त्यांना चांगलं कळत होतं. मग हा प्रश्न खरंच ऐकू आला नव्हता का?