बंद खोलीतला संगणक

तो चुकून माझ्या दारात आला. वरच्या मजल्यावरचा प्रिंटर दुरुस्त करायचा होता आणि त्याने बेल वाजवली माझी.

"संगणकवाले ना? आलाच आहात तर... माझाही बघाल?"

मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. फाइल उघडायला, सेव्ह करायला गेलं की पडदा मिनिटभर थिजायचा. कधी दिवसातून दहादा, कधी एकदाही नाही. तो समोर बसला, तर संगणक अगदी गुणी बाळ!

"डॉक्टर आला की दुखणं पळतं," तो हसला.

"मग डॉक्टरांनी इथेच राहावं," मी बोलून गेले... आणि कान तापले. कित्येक महिन्यांत मी कुणाशी इतकंही बोलले नव्हते.

दुसऱ्या खेपेला त्याने डिस्क तपासली, तारा बदलल्या. तिसऱ्या खेपेला शेजारी खुर्ची ओढून दुपारभर बसला.

"तुम्ही काम करा. मी नुसता बघतो."

"काय बघता?"

"पडदा—" तो म्हणाला. बघत होता माझ्या हातांकडे.

चारच्या सुमारास पडदा थिजला. तो पुढे झुकला. "हा कुठल्यातरी दुसऱ्या संगणकाला शोधतोय. कुठला जोडलेला होता?"

मी बंद खोलीकडे बोट दाखवलं. "बाबांचा. आम्ही एकाच फोल्डरमधून काम करायचो. ते गेले, तेव्हापासून बंद आहे."

"म्हणून. फाइलला हात लावला की तुमचा अधूनमधून त्याला हाक मारतो, उत्तराची वाट बघत बसतो." त्याचा आवाज उतरला. "आधी त्यांच्या फाइली इकडे आणू. मग जोडणी काढू... चालेल?"

आठ महिन्यांनी ती खोली उघडली. कीबोर्डवर बाबांचा चष्मा तसाच होता. त्याने हात लावला नाही, माझ्यासाठी थांबला. चष्मा मी उचलला. मग रडले. तो खिडकीशी पाठमोरा उभा राहिला, पण गेला नाही.

पुढचे पंधरा दिवस संगणक एकदाही अडला नाही. घर मात्र खायला उठलं. शेवटी मीच फोन केला.

"पुन्हा थिजला?" त्याने घाईने विचारलं.

"नाही. छान चालतोय. काहीच बिघडलेलं नाही..." मी श्वास घेतला. "तरी या."

मग तो हळूच म्हणाला,

"पंधरा दिवस रोज म्हणतोय... काहीतरी बिघडू दे."