तिसरा कार्बोरेटर

मोबाइल खाली ठेव आधी, उजेड डोळ्यांत जातो माझ्या. बघितली तुझी गाडी. जुनी जपानी, दोन दारांची, आरसे दारावर नसून पुढे मडगार्डवर. छान आहे. घ्यायची तर घे, मी कोण अडवणार? गाड्यांच्या सीट शिवण्यात जन्म गेला माझा. फक्त एक सांग, जे पार्ट मिळणार नाहीत त्यांचं काय करशील?

‘ओरिजिनलच शोधणार’ म्हणे! धाकटाही हेच म्हणायचा.

कोण धाकटा? दार लोटून घ्या, सांगतो. पण मध्ये कोणी खिदळायचं नाही. आणि गोष्ट संपल्यावर ‘आजोबा, नळापर्यंत सोबत चला’ म्हणून मला उठवायचं नाही. गेल्या वेळी तिघांना पोचवून आलो, शेवटी मलाच एकट्याला परत यावं लागलं.

तर दोघे भाऊ होते. मोठा मिस्त्री आणि धाकटा, लोक त्यांना एवढंच म्हणायचे. खाली गॅरेज, वर राहायचं घर. मोठ्याचा हात इंजिनात, धाकट्याचा रंगात. मोठ्याला मूलबाळ नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा शाळेतही जात नव्हता, तेव्हापासून मोठ्यानं आणि वहिनींनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं.

त्या दोघांनी अशीच एक गाडी एका बंद गोदामातून उचलून आणली. सीटमध्ये उंदरांचा संसार, खालचा पत्रा कुजलेला. मोठा म्हणाला, चालण्यासारखी करू. धाकटा म्हणाला, होती तशी करू. तिथून वेड लागलं. दाराचं हँडल एका माणसाकडून, घड्याळ दुसऱ्याकडून. काचेवरचा कंपनीचा शिक्कासुद्धा त्याच सालचा हवा. मला जुन्या सीटचा एक तुकडा आणून दिला आणि म्हणाला, ‘‘मास्तर, इंचाला जितके टाके यात आहेत तितकेच घाला.’’ मी म्हटलं, अरे, बसणाऱ्याला कळणार आहे का? तर म्हणतो, ‘‘गाडीला कळेल.’’

अडलं ते कार्बोरेटरवर. सहा सिलिंडरचं इंजिन, त्याला तीन कार्बोरेटर. एकेकानं दोन-दोन सिलिंडरना हवा-पेट्रोल पाजायचं. दोन शाबूत होते, तिसरा फुटलेला. नवा नकली मिळत होता. मोठा म्हणाला, बसवून टाकू. धाकटा ऐकेना. ‘‘दादा, सहाच्या सहा सिलिंडरवर ओरिजिनल आवाज एकदा ऐकू दे. मग काही मागणार नाही.’’

आणि मग तो आजारी पडला.

रंगानं घात केला त्याचा. वांगी रंग मारला होता गाडीला, असा की त्यात बघून भांग पाडावा. धूळ बसू नये म्हणून शटर, खिडक्या सगळं बंद. शेवटचा हात मारताना मास्कच्या काचेवर वाफ धरली, दिसेना, म्हणून त्यानं मास्क काढून फेकला. मोठा तिथेच उभा होता. रंग आरशासारखा बसत होता, म्हणून गप्प राहिला. हे त्यानंच मला सांगितलं, डोकं भिंतीवर आपटत सांगितलं. दोन वर्षांत पोराची फुप्फुसं कामातून गेली. वरच्या खोलीत पलंग, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. श्वास घेताना मध्येच अडकायचा, आणि सोडताना बारीक शिट्टी वाजायची. ती शिट्टी जिन्यात ऐकू यायची.

नोव्हेंबरचा दुसरा शनिवार. दिवेलागणीला मोठा माझ्या दुकानात आला.

‘‘मास्तर, स्कूटर द्या. माझी सुरू होत नाही.’’

मिस्त्रीची स्वतःची स्कूटर कधी सुरू नसते. दिव्याखाली अंधार. मी चावी दिली, म्हटलं कुठे एवढ्या घाईनं?

‘‘तिसरा मिळाला. हमरस्त्यावरच्या भंगारवाल्याचा फोन आला होता. नंबरसकट तोच आहे.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘डॉक्टर दुपारी येऊन गेले. हिला जिन्यात गाठून म्हणाले, आजची रात्र निघाली तर बघू.’’

मी म्हटलं, अरे मग तू घरी थांब, पार्टचं काय घेऊन बसलास! तर त्यानं माझे दोन्ही हात धरले. रडत नव्हता, पण चेहरा बघवत नव्हता. ‘‘दुसरं काय करू, मास्तर? डॉक्टरांनी हात टेकले. मला येतं ते एवढंच येतं.’’

बुडत्याला काडीचा आधार. गेला.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं. तो परत आला तो वर गेलाच नाही, थेट गाडीला भिडला. कार्बोरेटर बसवला, शटर वर केलं, चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. वर धाकट्यानं सकाळपासून डोळे उघडले नव्हते. ते उघडले. म्हणाला, ‘‘वहिनी, तिन्ही बसले.’’ मग उठून बसला. ऑक्सिजनचा मास्क काढला. पाणी मागून प्यायला.

वहिनी आनंदानं धावत खाली आल्या. मोठ्यानं चावी बंद केली आणि तीन-तीन पायऱ्या चढत वर गेला. तोवर धाकटा आडवा झालेला. ओठ निळे, नजर वर लागलेली. मोठा तसाच उलटा धावला. इंजिन सुरू केलं... आणि वरून खोकल्याचा आवाज आला. ‘‘दादा, मधेच बंद का केलीस?’’

मला फोन आला रात्री सव्वादोनला. मागे इंजिनाची घरघर.

‘‘मास्तर, पेट्रोल आणा. असेल तेवढं आणा. तुमच्या स्कूटरमधलंही काढून घातलं.’’

‘‘काय झालं?’’

‘‘इंजिन बंद पडता कामा नये. काही विचारू नका. तुमच्या पाया पडतो.’’

दुकानात जनरेटरसाठी एक कॅन भरून ठेवलेला असायचा. तो उचलून निघालो. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. चौक ओलांडला आणि आवाज यायला लागला. तो ऐकून मी जागीच थांबलो. पोरांनो, मी इंजिनाचा माणूस नाही, पण आयुष्यभर गॅरेजात वावरलोय. इतकं गोड चालणारं इंजिन मी आजवर ऐकलेलं नाही. कुठे खाकरणं नाही, अडखळणं नाही.

मोठा बॉनेटवर वाकलेला. त्याच्या कानाला रबरी नळी. कार्बोरेटर जुळवायची ती जुनी पद्धत आहे. नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना ‘स्स्स’ असा आवाज येतो. तिन्हींचा आवाज सारखा आला की जुळलं. त्यानं मान न उचलताच हात पुढे केला. ‘‘कॅन.’’

‘‘आधी वर जाऊन बघतो,’’ मी म्हटलं.

वर गेलो. धाकटा उशीला टेकून बसलेला. गालांवर लाली. वहिनी त्याचे पाय चेपत होत्या, आणि हसत का रडत होत्या तेच कळत नव्हतं. मला बघून म्हणाला, ‘‘या मास्तर! टाके मोजले बरं का मी. एका जागी एक कमी घातलात.’’

मी हसलो. खरंच हसलो. त्याच्याजवळ बसलो, पाठीवर हात ठेवला.

पाठ थरथरत होती. भीतीनं किंवा थंडीनं थरथरते तशी नाही. एकसारखी. खालच्या इंजिनाच्या ठेक्यात.

हात काढून घेतला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर आला... पेट्रोलचा वास.

वहिनी पाणी आणायला आत गेल्या, तसा तो हळूच म्हणाला, ‘‘मास्तर, दादाला सांगाल?’’

‘‘काय सांगू?’’

‘‘आवाज ऐकला मी. पोट भरून ऐकला. आता दमलोय हो. झोपायचंय... तो झोपू देत नाही.’’

जिना उतरलो.

खाली आलो तर मोठ्यानं कॅन टाकीत उपडा केलेला. तापमानाचा काटा लाल रेघेच्या वर. बॉनेटमधून वाफ.

‘‘मिस्त्री, तो दमलाय. बंद कर म्हणतोय.’’

‘‘नाही.’’

‘‘इंजिन जाईल रे.’’

‘‘जाऊ दे! दुसरं बांधीन. सकाळी पंप उघडेल, टाकी भरीन. रोज भरीन. घर विकीन, मास्तर!’’ तो ओरडला. ‘‘तेव्हा मी गप्प उभा राहिलो. रंग छान बसतोय म्हणून गप्प राहिलो! आता कसा सोडू त्याला? सांगा ना. कसा सोडू?’’

जिन्यात वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदर तोंडात धरलेला. ‘‘अहो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘लहानपणी आईची आठवण काढायचा तेव्हा तुम्ही त्याला थोपटून झोपवायचात...’’

मोठ्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यानं नळी माझ्यापुढे केली. ‘‘तुम्ही ऐका. तिसऱ्याचं ऐका.’’

मला ऐकायचं नव्हतं. पण नळी कानाला लावली.

पहिला. स्स्स.

दुसरा. स्स्स.

तिसरा...

श्वास होता. आत घेताना मध्ये अडकणारा. सोडताना... बारीक शिट्टी.

कार्बोरेटर श्वास घेतो, पोरांनो. सोडत नाही.

मी नळी काढणार, तेवढ्यात... अगदी जवळून. कानात तोंड घालून बोलावं तसं...

‘‘दादा... बास.’’

मी नळी मोठ्याच्या हातात दिली. त्यानं कानाला लावली.

ऐकत राहिला.

बराच वेळ.

काय ऐकलं, त्यानं कधी सांगितलं नाही. एकदा फक्त मान हलवली, लहान मुलाला ‘बरं’ म्हणतो तशी. नळी खाली ठेवली. हात फडक्याला पुसले, नीट, एकेक बोट. गाडीत जाऊन बसला. मी शिवलेल्या सीटवर. स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

‘‘झोप रे राजा,’’ म्हणाला.

आणि चावी फिरवली.

...

वर काहीच वाजलं नाही. शिट्टीसुद्धा नाही. वहिनी तिथेच पायरीवर बसल्या.

दहावं-तेरावं झालं. मग महिनाही झाला. गाडीवर कापड टाकलेलं. एका दुपारी मोठा मला बोलवायला आला. म्हणाला, ‘‘तिसरा काढून ठेवतो. एकट्यानं काढवत नाही, नुसते उभे राहा.’’

उभा राहिलो. त्यानं पाना लावला आणि हात तिथेच थांबला.

पेट्रोलची नळी तीन फाट्यांची असते, एकेक फाटा एकेका कार्बोरेटरला. तिसरा फुटका होता ना, म्हणून आधी दोनावर चालवून बघताना त्यानं शेवटच्या फाट्यात बोल्ट ठोकून तो बंद केला होता. त्या रात्री घाईत बोल्ट काढायचा राहून गेला. नळी जोडलेलीच नव्हती. बोल्ट तसाच होता, वरची धूळसुद्धा जुनी.

म्हणजे तिसऱ्याला पेट्रोल मिळालंच नव्हतं. एक थेंबसुद्धा नाही. दोन सिलिंडर उपाशी असायला हवे होते, आणि इंजिन तर रात्रभर सहाच्या सहावर चाललं. मी स्वतः ऐकलंय.

मोठा माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. त्यानं कार्बोरेटरचं झाकण उघडलं. पेट्रोल साठतं ती आतली वाटी कोरडी ठणठणीत. पण झाकणाची आतली बाजू... धुरकट होती. काचेवर तोंडानं हवा सोडली की वाफ धरते ना, तशी.

त्यानं अंगठ्यानं पुसली. धातू लख्ख दिसला.

आम्ही बघत होतो.

वाफ परत धरली.

त्यानं झाकण होतं तसं ठेवलं, हलक्या हातानं. कार्बोरेटर काढला नाही. गाडीवर कापड ओढलं आणि आम्ही बाहेर आलो. मिस्त्रीनं आयुष्यात एक स्क्रू कधी सैल ठेवला नाही. त्या झाकणाचे मात्र त्यानं आवळले नाहीत.