चंद्रावरची लंगडी

साताऱ्यात सलग तीन वर्षं लंगडी गाजवलेल्या यशोधनला चंद्रावर एकही गडी का सापडेना? वसाहतीच्या शाळेत सगळ्यांना हेच कोडं पडलं होतं. पठ्ठ्या उडी मारायचा, थेट छताकडे निघायचा आणि तो खाली येईपर्यंत पोरं पसार!

कडेला उभ्या शाल्मलीला मात्र हे कोडं केव्हाच सुटलं होतं. तिचा उजवा पाय जन्मापासून गुडघ्यापर्यंतच होता. ती कृत्रिम पाय लावून चालायची. खेळात तिला घ्यायचे, पण कायम कच्चं लिंबू म्हणून. म्हणजे काहीही झालं तरी ती बाद नाही! या लाडाचा तिला अगदी वीट आला होता.

"आता मी घालते लंगडी," ती म्हणाली आणि कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवला.

"अगं, पडशील!" यशोधन म्हणाला.

"पडले तर उठेन. तू आधी माझ्यापासून पळ."

शिट्टी वाजली. शाल्मली जमिनीलगत टुणटुण उड्या मारत निघाली, गर्रकन वळली, आणि बघता बघता चार गडी बाद!

"हे कसं काय जमतं हिला?" यशोधन चाट पडला.

पंच म्हणून उभ्या यंत्रमानवानं, म्हणजे पंचूनं, खेळ थांबवला. "चंद्राचं गुरुत्वाकर्षण (खाली खेचणारी ओढ) पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाएवढंच आहे. तू तिथल्याच जोरानं उडी मारतोस, म्हणून सहापट उंच जातोस आणि सहापट वेळ वर राहतोस. हवेत पायाला रेटायला काही नसतं, मग वळणार कसा? वळायला जमीन लागते!"

"मी रोज सकाळी बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंत अशीच जाते," शाल्मली धापा टाकत म्हणाली. "उडी बुटकी ठेवायची. वर कमी, पुढे जास्त."

खेळ पुन्हा सुरू झाला. तिनं यशोधनवर झेप घेतली, तो निसटला, तिचा तोल गेला आणि हात जमिनीला टेकला.

"जाऊ दे, कच्चं लिंबू आहे ती," कुणीतरी पुटपुटलं.

शाल्मलीचा चेहरा पडला. यशोधननं तो पाहिला.

"कसलं लिंबू? चार गडी मारलेत तिनं! हात टेकला ना? मग बाद!"

"नियमानुसार बाद," पंचूनं शिट्टी फुंकली.

"टेकला नव्हता! नुसता लागला!" शाल्मली उसळली.

"टेकला!"

"नव्हता!"

कडाक्याचं भांडण जुंपलं. उद्याच्या सामन्यात तिला कुणाच्या संघात घ्यायचं, यावरूनही पोरं हमरीतुमरीवर आली. शाल्मली बादांच्या रांगेत जाऊन बसली, तरी तावातावानं भांडतच होती. इतकी खूश ती आजवर कधीच झाली नव्हती.