मागच्या सीटवरचं कोणीतरी

हे वाचून कोणी हसलं तरी माझी हरकत नाही. आधी मीही हसलो होतो.

पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी मावसबहीण आहे, आणि तिनं जन्मात कधी कुठली गोष्ट तिखटमीठ लावून सांगितलेली नाही.

रात्र नव्हती. रविवारची भर दुपार होती, आणि विमान माणसांनी खच्चून भरलं होतं.

ताई आणि भावजी महिनाभराची सुट्टी भावजींच्या भावाकडे काढून घरी परतत होते. ताईचं चष्म्यांचं दुकान आहे. भावजी गाडी चालवायला शिकवतात, आणि बोलायला लागले की त्यांना स्वतःलाच ब्रेक सापडत नाही.

त्या दिवशी सगळंच बिनसलं होतं. विमानाला उशीर. बॅग जड झाली म्हणून काउंटरवर सगळ्यांदेखत उघडायला लावली. त्यात जागाही वेगवेगळ्या... भावजींची पुढे, ताईची पार मागे.

"एक काम सांगितलं होतं तुम्हाला," ताई म्हणाली. "जागा शेजारी घ्या. तेवढंही जमलं नाही."

"अगं, थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे," म्हणत भावजी जाऊन बसलेसुद्धा.

ताई धुसफुसतच आपल्या जागेवर गेली. पट्टा बांधला, डोळे मिटले. विमान वर गेलं. जरा डोळा लागतोय तोच...

ठक्.

पाठीत. मागच्या सीटवरून कोणीतरी लाथ मारावी तशी.

असेल एखादं पोर, म्हणून तिनं सोडून दिलं.

ठक्... ठक्.

"पोरांना वळण म्हणून नाही," ती पुटपुटली.

मग थांबलं. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात खुर्चीच्या पाठीवरून कोणीतरी नखं ओढली...

वरून खाली. सावकाश.

आता मात्र ताईचं डोकं फिरलं. "अहो, मुलाला जरा आवरा," ती न वळताच मोठ्यानं म्हणाली.

शेजारची बाई मासिक वाचत होती. तिनं मान वर केली. "कोणाला बोलताय?"

"मागच्यांना."

"मागे कोणी नाहीये. ही शेवटची रांग आहे."

ताई वळली.

मागे भिंत होती. खुर्चीला चिकटून. बोट जाईल एवढीही फट नव्हती.

ठक्.

तिनं बटण दाबून एअर होस्टेसला बोलावलं. ती आली, पण पुढच्या रांगेपाशीच थांबली.

"यंत्राचा आवाज असेल," ती म्हणाली. बोलत होती ताईशी, बघत होती भिंतीकडे.

"मग मला दुसरी जागा द्या."

"सॉरी, विमान भरलंय." तिनं पाण्याचा ग्लास दिला, तोही तिथूनच हात लांब करून.

ताई उठली आणि तडक भावजींपाशी गेली. "उठा. तुम्ही मागे जा."

"का? काय झालं?"

"काही विचारू नका. महिनाभर तुमच्या माणसांचं करून कंबर मोडलीये माझी. आता तरी पाठ टेकू द्या."

भावजी हसत गेले. ताई झोपली ती थेट विमान उतरताना जागी झाली.

भावजी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय हो? तुम्हालाही त्रास झाला का?"

भावजी बॅग ओढत टॅक्सीकडे चालू लागले.

टॅक्सीवाल्यानं चुकीचं वळण घेतलं, तरी भावजी गप्प. जगातल्या प्रत्येक ड्रायव्हरला सुधारणारा हा माणूस... नुसता खिडकीबाहेर बघत होता.

असे कितीतरी दिवस गेले. शेवटी एका सकाळी चहा पिताना ताईचा संयम सुटला. "तोंड शिवून घेतलंय का? काय झालं ते सांगा एकदाचं."

भावजींनी कप खाली ठेवला.

"मला कोणी लाथा मारल्या नाहीत," ते म्हणाले. "मला डुलकी लागली होती. मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. गोड आवाज होता गं. म्हणाली, इथे बसलेली मुलगी कुठे गेली? मला वाटलं, तुमची ओळख झाली असेल. मी म्हटलं, माझी बायको आहे, पुढे बसलीये."

"मग?"

"म्हणाली, रागावून गेली वाटतं. राहता कुठे?"

ताईनंही कप खाली ठेवला.

"तुला माझी सवय माहीत आहे," भावजी म्हणाले. "रस्ता, इमारत, मजला... सगळं सांगितलं. यायचा आग्रहही केला. ती म्हणाली, येईन. आणि मग मी बोलता बोलता मागे वळून बघितलं..."

याला वर्ष होत आलंय. त्यांच्या घरी अजून काहीही घडलेलं नाही.

ताईला त्याचाच वैताग आहे. "आली असती तर एकदाचं भांडून मोकळी झाले असते," ती म्हणते. "हे रोज दाराकडे कान लावून बसणं नको झालंय."

मी तिच्याकडे जातो. चहा घेतो, गप्पा मारतो. पण मुक्कामाला थांबत नाही. कामाचं काहीतरी निमित्त सांगतो.

ताईला ते कळतं. पूर्वी जेवल्याशिवाय उठू द्यायची नाही...

आता ती आग्रह करत नाही.