कोठीवरचा सहावा

गव्हाच्या मनोऱ्याएवढ्या उंच तिसऱ्या कोठीतून एमिलियो बरासाचं प्रेत काढायला अग्निशमन दलाला पाच तास लागले. दुसऱ्या दिवशी मालक गॉर्डन वीबी म्हणाला, हा माणूस माझ्याकडे कामाला नव्हताच.

"मग कोठीत काय करत होता?" मजूर खात्याच्या तपासनीस लॉर्ना टेस्कीने विचारलं.

"चोरायला शिरला असेल. सुगीत कोण कोण हिंडत असतं, बाई."

एमिलियोची बायको नेलिडा दाराशी उभी होती. "मार्चपासून इथेच राबत होता. कामगार होता एवढं लिहा. नाहीतर माझा नवरा चोर म्हणून पुरला जाईल."

लॉर्नाला वीबीची अडचण कळत होती. अमेरिकेच्या कायद्यानुसार आठवड्यात चाळीस तासांवर काम झालं की जादा तासांना दीडपट पगार द्यावा लागतो. पण खेड्यातल्या कोठीवर पाच किंवा त्याहून कमी माणसं असतील, तर द्यावा लागत नाही. वीबीची माणसं सुगीत ऐंशी तास राबत. कागदावर ती पाच होती. सहावा निघाला, की सगळ्यांनाच दीडपट.

"कोठीत उतरण्याआधी काय करतोस?" तिने मुकादम ड्वेनला विचारलं.

"खालून धान्य ओढणारं यंत्र बंद करतो. बटणाला स्वतःचं कुलूप, किल्ली खिशात. म्हणजे आपण आत असताना कुणी यंत्र सुरू करू शकत नाही. नाहीतर खाली सरकणाऱ्या धान्याबरोबर माणूस गाडला जातो."

वीबीने भिंतीवरच्या कुलपांच्या फळीकडे बोट दाखवलं. "पाच माणसं, पाच कुलपं. मोजा."

पाचच होती, आपापल्या खुंटीवर. मृताच्या खिशात एक पितळी किल्ली सापडली होती. लॉर्नाने ती लावून पाहिली. बनावट तीच, पण एकही कुलूप उघडलं नाही.

"काल दुपारी एकला कुठे होतास?"

"आम्ही पाचही समोरच्या खाणावळीत. पाऊणपासून दीडपर्यंत. वाढणाऱ्या बाईला विचारा."

"एमिलियो?"

ड्वेनने वीबीकडे पाहिलं.

लॉर्नाने वजनाच्या पावत्या चाळल्या. एक वाजून दहा मिनिटं, कोठी तीन, एक ट्रक भरला. सही वीबीची. तिने शेरीफला बोलावलं.

"चोर कुलूप लावून चोरी करत नाही," ती वीबीला म्हणाली. "या किल्लीचं सहावं कुलूप काल बटणावर होतं. अग्निशमनवाले आले तेव्हा बटण मोकळं होतं आणि किल्ली गव्हाखाली. मग ते उघडलं कसं? उघडलं नाही, तोडलं. एक वाजून दहा मिनिटांनी इथे तुमच्याशिवाय कुणी नव्हतं. वाकून आत पाहिलंत?"

वीबीने कपाळ पुसलं. "सगळेच विसरतात. कुलूप तसंच ठेवून सावलीत जाऊन झोपतात. मला वाटलं, हाही झोपलाय. ट्रक ताटकळला होता."

"जेवायला का गेला नाही तो?"

उत्तर ड्वेनने दिलं. "साहेबांनी सांगितलं होतं. खाणावळीत सहा जण दिसले, तर कुणीतरी मोजेल."

चार महिने रोज दुपारी पाच जण रस्ता ओलांडून जात आणि सहावा आत दडून राही, पाचाचा आकडा चुकू नये म्हणून.

"पाच ठेवणं कायद्यात बसतं," वीबी पुटपुटला. शेरीफने त्याला गाडीत बसवलं.

ड्वेन जवळ आला. "म्हणजे आता आम्हाला जादा तासांचे पैसे मिळतील?"

"मिळतील. तो सहावा होता म्हणून." तिने जबानीचा कोरा कागद पुढे केला. "तुम्ही पाच जणांनी लिहून द्यायचं, की इथे तुमच्याबरोबर कोण काम करत होतं. पूर्ण नाव."

ड्वेनने लिहिलं, एमिलियो. मग पेन थांबलं. त्याने बाकीच्या चौघांकडे पाहिलं. चौघांनी एकमेकांकडे.

नेलिडा पुढे आली आणि आडनावाचं एकेक अक्षर सांगू लागली.